गोधडी आणि शिवणयंत्र

लढाया व राजवटी यांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. परंतु जिच्या उबेत आपल्या पिढ्या वाढल्या त्या गोधडीच्या इतिहासाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. संस्कृतातील कंथा ती हीच. अंगावरील चिंध्यांच्या पांघरुणामुळे संत गाडगेमहाराजांस (१८७६–१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, हे वाचकांस ठाऊक असेलच.

जुनी लुगडी व धोतरे यांचे थर जमिनीवर अंथरावे आणि कडेपासून आत धावदोरा घालीत जावे, ही आपल्या आज्यांची रीत. एका गोधडीस कित्येक दुपारी लागत.

आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास निघालेल्या सेवासदनाने स्त्रियांस शिवणकाम शिकविले. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली व यंत्र मध्यमवर्गीय घरांत आले. आपल्या भागात १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास आगगाडी पोहोचली होती; पुढे मुंबईत नोकरी आणि ठाणे, कल्याण वा डोंबिवलीस बिऱ्हाड, असा अनेक कुटुंबांचा क्रम झाला. चाळीतील खिडकीशी यंत्र ठेवून, शेजारणींची पोलकी-परकर शिवून कितीतरी गृहिणींनी मुलांच्या फीची तजवीज केली. गोधडी मात्र बहुधा हातावरच राहिली.

त्यास कारण होते. यंत्राचे दाते खालचे कापड पुढे ओढतात, तर सुईजवळील पाय वरचे कापड दाबून धरतो. त्यामुळे थर सरकतात व चुण्या पडतात. यावर उपाय सोपा आहे. थर तीन-चारच घ्यावेत. प्रथम वीतभर अंतरावर हाताने कच्चे टाके घालावेत. यंत्रास जाड सुई लावून टाका लांब ठेवावा. पहिली ओळ मध्यभागी घालून तेथून कडांकडे जावे. उरलेल्या भागाची वळकटी करून ती यंत्राच्या कमानीखाली धरावी. गोधडीचा भार खाली लोंबू देऊ नये, शेजारी टेबल वा खुर्ची ठेवावी. नाहीतर ओळ वाकडी जाते. शेवटी कच्चे टाके उसवून कडेस पट्टी लावावी.

नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्यांनी सुती लुगडे मागे पडले. त्या साड्यांस घाम शोषण्याचा गुण नाही. दुपारभर सुई धरण्याची सवडही आता नोकरी करणाऱ्या भगिनींस नाही. अशा स्थितीत यंत्राची गोधडी म्हणजे परंपरेचा भंग, असे आम्हांस वाटत नाही. थर कसे निवडावे, विरलेले कापड आत व टिकाऊ बाहेर का घ्यावे, हे ज्ञान मात्र कोणत्याही शाळेत आम्ही शिकविले नाही. ते घरातील वृद्ध स्त्रियांपाशीच आहे. आपल्या ज्ञातीतील प्रत्येक घराने या हिवाळ्यापूर्वी आजीस यंत्राशेजारी बसवून, तिच्याच जुन्या सुती साड्यांची एक गोधडी शिवावी, ही आमची नम्र विनंती.