'शुगर-फ्री' म्हणजे नेमकं काय? खरेदीआधी या शब्दाचा अर्थ समजून घ्या

दिवाळीत मिठाईच्या दुकानात 'शुगर-फ्री' काजूकतलीचा ट्रे वेगळा मांडलेला असतो. घरात कुणाला मधुमेह असेल, तर हात आपसूक तिकडे जातो. पण हा शब्द नक्की काय सांगतो?

अर्थ काय?
'शुगर' हे नाम आणि 'फ्री' हे विशेषण जोडून हे जोडविशेषण बनलं आहे. एकट्या 'फ्री'चा अर्थ मोफत किंवा मोकळा. पण तो नामाला जोडून आला की अर्थ होतो 'त्या गोष्टीविना'. टॅक्स-फ्री म्हणजे करमुक्त, इंटरेस्ट-फ्री लोन म्हणजे बिनव्याजी कर्ज. तसाच शुगर-फ्री चहा म्हणजे आपला बिनसाखरेचा चहा. इंग्रजीत 'विना' सांगणारा शब्द नंतर येतो, मराठीत 'बिन' आधी लागतो, एवढाच फरक. इंग्रजीत लिहिताना 'शुगर-फ्री बिस्किट' असं नामाआधी वापरलं, तर मध्ये छोटी आडवी रेघ देतात.

नियम काय सांगतो?
भारतात अन्नपदार्थांवरच्या दाव्यांसाठी 'एफएसएसएआय'चे 2018चे नियम आहेत. त्यानुसार 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटर पदार्थात जास्तीत जास्त 0.5 ग्रॅम साखर असेल, तरच 'शुगर-फ्री' लिहिता येतं. 'नो ॲडेड शुगर' हा दावा वेगळा आहे. त्यात वरून साखर घातलेली नसते, पण फळांच्या रसातली किंवा दुधातली मूळची साखर असतेच.

मग मनसोक्त खायचं का?
नाही. साखर नाही म्हणजे कर्बोदकं नाहीत, असं नव्हे. बिस्किटातल्या मैद्यातल्या स्टार्चचं पचनानंतर ग्लुकोजच होतं आणि रक्तातली साखर वाढते. गोडीसाठी अनेकदा माल्टिटॉल वापरतात. त्याने रक्तातली साखर नेहमीच्या साखरेपेक्षा कमी वाढते, पण वाढते. ते जास्त पोटात गेलं, तर जुलाबही होऊ शकतात. शिवाय काजू आणि तुपाच्या कॅलरीज तशाच राहतात.

काय तपासाल?
पाकीट उलटं करा आणि 'शुगर'सोबत 'कार्बोहायड्रेट'चा आकडाही वाचा. सुट्या मिठाईत गोडीसाठी काय घातलंय, ते दुकानदाराला विचारा. मधुमेह असेल, तर किती खायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.