सहा घोडे आणि एक ओंडका

‘अश्वशक्ती’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला घोडा खरोखर गिरणीच्या रिंगणात चालत होता, याचा विसर पडतो. 1780च्या दशकाच्या आरंभी जेम्स वॅटला आपले वाफेचे इंजिन गिरणीवाल्यांच्या गळी उतरवायचे होते आणि गिरणीवाल्याला एकच हिशेब कळत होता: याने माझे किती घोडे वाचतील? वॅटने गणित मांडले. 24 फूट व्यासाचे रिंगण, मिनिटाला सुमारे अडीच फेऱ्या, ओढ 180 पौंडांची. त्यातून पुढे कायम झालेला आकडा म्हणजे मिनिटाला 33,000 फूट-पौंड. हा ओढ आणि वेग यांचा गुणाकार आहे, आणि गुणाकारात मूळचे आकडे दिसेनासे होतात. 180 पौंडांची संथ ओढ आणि 60 पौंडांची तिप्पट वेगाची ओढ, दोन्हींचे उत्तर एकच घोडा. गिरणीवाल्याचे यावाचून काही अडले नाही. लाकूड कापणाऱ्याचे मात्र अडले.

आंद्रेआस श्टील यांची 1926 सालची पहिली चेनसॉ विजेवर चालणारी, 64 किलो वजनाची, दोघांनी मिळून धरायची होती. 1929 मध्ये त्यांचे पेट्रोलवर चालणारे, झाडे पाडण्याचे यंत्र आले: 46 किलो, 6 अश्वशक्ती. 1959 साली ‘कॉन्ट्रा’ आली: 12 किलो, 6 अश्वशक्ती. आज त्याच कंपनीची एमएस 462 पाते आणि साखळी सोडून साधारण 6 किलोची आहे, शक्ती 4.4 किलोवॅट, म्हणजे पुन्हा सहाच घोडे. (जर्मन घोडा इंग्रजी घोड्यापेक्षा दीडेक टक्क्याने लहान असतो, पण ते राहू द्या.) नुसत्या आकड्यावर विसंबले तर नव्वद वर्षांत वजनाखेरीज काहीच बदलले नाही असे वाटेल.

बदलले ते त्या सहा घोड्यांचे चालणे. जुन्या यंत्रांत इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये गिअर असे. तो फेऱ्या कमी करी आणि त्या प्रमाणात फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वाढवी. लांब दांड्याच्या पान्याने गंजलेला नट जसा सुटतो, तसेच हे. ‘कॉन्ट्रा’ने गिअर काढून टाकला, वजन उतरले आणि साखळी भरधाव पळू लागली. हे जमले त्याला दातांतला एक बदलही कारणीभूत होता. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातला जो कॉक्स 1946 साली लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी न्याहाळत होता. तिचे जबडे डावीउजवीकडे चालत आणि लाकूड रेषेत असो वा आडवे, सारख्याच सहजतेने कातरत. त्या जबड्यांच्या बेताने त्याने आलटूनपालटून डावे-उजवे, वळलेले दात असलेली साखळी घरच्या तळघरात तयार केली आणि पुढच्या वर्षी बाजारात आणली. हातकरवतीच्या नकलेचे जुने दात लाकूड खरवडत. हे दात पातळ कपची काढू लागले.

पाइन-स्प्रूससारख्या मऊ लाकडात वेगाची बाजी सरळ जिंकली गेली. प्रश्न राहिला तो कठीण लाकडाचा. गाब्रिएल यांका यांनी 1906 साली काढलेल्या कसोटीत 11.28 मिलिमीटरची पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. अमेरिकेतील पांढऱ्या पाइनला 380 पौंड, तांबड्या ओकला 1,290, ऑस्ट्रेलियातील जाराला 1,900च्या आसपास. अशा लाकडात लांब पाते घातले की एकाच वेळी बरेच दात आत गुंततात, प्रत्येकाला जास्त रेटा लागतो आणि इंजिनच्या फेऱ्या उतरू लागतात. खरी परीक्षा इथे असते. आजच्या चेनसॉची पूर्ण शक्ती मिनिटाला साधारण साडेनऊ हजार फेऱ्यांना मिळते; टॉर्क शिखरावर असतो त्याहून बराच खाली. फेऱ्या उतरताना टॉर्क वाढत गेला तर यंत्र सावरते. तो वाढला नाही तर साखळी अडते, आणि जाहिरातीतले सहा घोडे त्या क्षणी कुठेच नसतात.

मग उरलेला जोर कामगार लावतो, खांद्याने आणि मनगटाने. अडणाऱ्या यंत्रावर रेलून काम करायचे म्हणजे त्याची थरथर अधिक काळ अंगात घ्यायची. चेनसॉ चालवणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडून बधिर होतात, हे 1960च्या दशकात डॉक्टरांच्या लिखाणात येऊ लागले. थरथर शोषणारी रबरी जोडणी त्याच दशकात मुठींना मिळाली. श्टीलचे 106 घनसेंटिमीटरचे, जड, संथ ‘070’ हे यंत्र आणि त्याच्या नकला आग्नेय आशियाच्या जंगलांत आजही चालतात, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. तिथल्या लाकडात ते अडत नाही.

टॉर्कने सगळेच सुटते असेही नाही. आपला साग यांकाच्या कसोटीत हजाराच्या आसपास, म्हणजे ओकहूनही मऊ. पण त्याच्या पोटात सिलिका असते आणि ती धार खाते. बोथट दाताला कितीही टॉर्क दिला तरी तो भुसाच पाडतो. तेव्हा आधी कानस हातात घ्यावी लागते.

दात धारदार असूनही यंत्र अडत असेल तर जाणता कामगार नवे यंत्र मागत नाही. साखळी ओढणारे आठ दातांचे चक्र काढून तो सात दातांचे बसवतो. इंजिन तेच, घोडे तेवढेच. तेवढ्याच फेऱ्यांना साखळीचा वेग एक-अष्टमांशाने कमी होतो आणि ओढ एक-सप्तमांशाने वाढते.