कुणाच्याही हातचं पाणी

नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी माणसाने नवा करार दिला, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. देवाची हाक त्यांना तिथून ऐकू यायला लागली. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको हिंदू, मुलगा दत्तू लहान. घर तुटणार हे दिसत असूनही गेले. (आपण नोकरी बदलताना नोटीस पिरियड मोजत बसतो!)

धाडस आहेच. पण मला विचाराल तर लक्ष्मीबाईंचं जास्त मोठं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तरी सोवळं सुटेना. दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी कसं प्यायचं, ही धास्ती. आज हसू येतं, पण त्या धास्तीत माहेर, सासर, सगळं गणगोत होतं. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी यातलं काहीच लपवलेलं नाही. मग विचार करता करता प्रश्न पडला, जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनी, असं मनाशी पटलं आणि त्यांनी ठरवून टाकलं, आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं.

बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी.