घरगुती कॅलेंडरची कुळकथा

एक्सेलच्या एखाद्या रिकाम्या घरात ४६०२३ हा आकडा टाका आणि त्याला तारखेचे रूप द्या. १ जानेवारी २०२६ उमटेल. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० ला एक धरून मोजत आणलेले दिवस, बाकी काही नाही. याच आकड्याला सातने भागले की बाकी पाच उरते. एक म्हणजे रविवार धरला तर पाच म्हणजे गुरुवार, आणि २०२६ ची सुरुवात गुरुवारीच होते. घरच्या संगणकावर स्वतःपुरते कॅलेंडर करू पाहणाऱ्याचे निम्मे काम या एका भागाकारात उरकते.

हा हिशेब काही मायक्रोसॉफ्टने शोधलेला नाही. आपले जुने गणिती यालाच अहर्गण म्हणत. एका आरंभदिवसापासून हव्या त्या दिवसापर्यंत किती दिवस उलटले ते मोजायचे, सातने भागून वार काढायचा, आणि त्याच संख्येवरून सूर्यचंद्र कुठे आहेत तेही काढायचे. अडचण एवढीच, की आरंभ कलियुगापासून धरला तर आकडा सोळा-सतरा लाखांवर जातो आणि धूळपाटीवर गुणाकार करणारा मेटाकुटीला येतो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघवा’त यावर तोड काढली. अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र मानले. पूर्ण झालेली चक्रे बाजूला काढायची आणि उरलेल्या थोड्या दिवसांचाच हिशेब करायचा. भुजज्या-कोटिज्यांची, म्हणजे साइन-कोसाइनची, यातायातही त्यांनी टाळली. ‘तिथिचिंतामणी’ या त्यांच्या दुसऱ्या ग्रंथातल्या कोष्टकांवरून तर तिथ्या काढणे आणखी सोपे झाले. गावोगावच्या जोशांनी पुढची तीन शतके आपापल्या गावाची पंचांगे हाताने केली ती याच जोरावर. स्वतःच्या गावापुरते, स्वतः गणित करून केलेले कॅलेंडर आपल्याकडे छापील कॅलेंडरपेक्षा जुने आहे.

जाता जाता सांगायला हवे, की एक्सेलच्या अहर्गणात एक दिवस धडधडीत खोटा आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० मानते. ही चूक आधीच्या लोटस १-२-३ मधली. जुन्या फायली चालाव्यात म्हणून ती जाणूनबुजून ठेवली. गणेश दैवज्ञांना असली सूट कोणी दिली नसती.

तर वार-तारखेचा प्रश्न सोपा. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतही कॅलेंडर छापणारी ‘कॅल’ ही आज्ञा होती. पुण्यातल्या घरात कॅलेंडर अडते ते तिथीपाशी. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी संपते. चंद्राची गती एकसारखी नसल्याने तिथी कधी एकोणीस तासांची, तर कधी सव्वीस तासांची. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, म्हणून एखादी तिथी दोन दिवस टिकते आणि एखादी सूर्योदय न पाहताच संपते. शिवाय सूर्योदय गावागणिक वेगळा. त्याउपर, गणपतीची चतुर्थी मध्यान्हीची पाहायची, श्राद्धाची तिथी अपराह्णाची आणि संकष्टी चंद्रोदयाची. आजोबांचे श्राद्ध, आईचा तिथीने येणारा वाढदिवस आणि संकष्टीचा उपास हे तिन्ही एका कॅलेंडरात बसवायचे, तर तीन वेगळे नियम लागतात. तारीख फुकट मिळते, तिथीसाठी सगळे खगोल लागते.

पुण्यात हे खगोल नव्याने तपासले ते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना यांनी. ग्रहलाघवाचे गणित तोवर आकाशाशी जुळेनासे झाले होते. ग्रहणाची वेळ चुकली की ते कोणालाही दिसे. केरूनानांनी युरोपीय कोष्टकांच्या आधाराने १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पंचांग निघू लागले. पटवर्धनांच्या आश्रयामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवती नक्षत्रातल्या एका बारीक ताऱ्यापासून धरला. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी ही बाजू उचलून धरली आणि पुढे त्या पंचांगाला टिळकांचेच नाव मिळाले. चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू आरंभ मानणारा दुसरा पक्ष व्यंकटेश बापूजी केतकरांचा. सोलापूरचे दाते पंचांग याच पक्षाचे. दोन्ही आरंभांत सुमारे चार अंशांचा फरक. चार अंशांसाठी पुण्यात किती शाई खर्ची पडली, ते केसरीच्या जुन्या अंकांत पाहावे.

सरकारनेही यात हात घातला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर तिच्यावर होते, नागपूरचे के. ल. दप्तरीही होते. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. चैत्र तीस दिवसांचा आणि लीप वर्षी एकतीस, पुढचे पाच महिने एकतीसचे, उरलेले तीसचे. गंमत अशी, की संगणकाला सगळ्यांत सहज जमेल असे भारतीय कॅलेंडर हेच; चार ओळींचा प्रोग्राम पुरतो. ते घरोघरी संगणक यायच्या कितीतरी आधी तयार झाले, आणि सरकारी राजपत्र व आकाशवाणीपलीकडे फारसे गेलेच नाही. घरच्या कॅलेंडरात हौसेने भारतीय सौर दिनांक टाकणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरचे दुसरे कूळ चित्रांचे. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला आणि तिथून देवदेवतांची रंगीत चित्रे घराघरांत गेली. पुण्यात त्याआधीच, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली होती. पुढे मुळगावकर-दलालांच्या चित्रांखाली तारखांचा गठ्ठा आणि दुकानाचे नाव, असा घाट बसला. तिथीसाठी मात्र पंचांगाची पुस्तिकाच उघडावी लागे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढून पंचांग आणि तारखा एका चौकटीत आणल्या.

आणि लगेच घराने त्या चौकटीवर आपले लिहायला सुरुवात केली. दुधाचा जादा अर्धा लिटर, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंचे खाडे, पेपरवाल्याचे पैसे. कॅलेंडर आपल्यापुरते करण्याचे काम बॉलपेनने आधीच झाले होते. संगणकाने आणला तो फोटो आणि छापील अक्षरातले नाव. परदेशात १९८४ चे ‘प्रिंट शॉप’ आणि त्याच्या जोडीचे कॅलेंडर छापणारे सॉफ्टवेअर घरच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर हे करू लागले होते, पण त्यांना देवनागरी येत नव्हती. ती अडचण सोडवण्यात पुण्याचा वाटा मोठा. १९८८ मध्ये इथे सी-डॅक स्थापन झाली आणि संगणकावर भारतीय लिप्या आणणारे, आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले जिस्ट तंत्रज्ञान इथे वाढले. मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी हे फॉन्टचे सॉफ्टवेअरही पुण्याचेच. पेठांतल्या डीटीपीवाल्यांनी पेजमेकर आणि श्रीलिपीवर लग्नपत्रिका जुळवल्या, त्यात डिसेंबर आला की कॅलेंडरेही.

युनिकोड रुळेपर्यंत हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरत. घरी झकास दिसणारी फाइल फ्लॉपीवर घालून दुकानात न्यावी, तिथे तो फॉन्ट नसावा, आणि ‘फाल्गुन’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटावा, हे नेहमीचेच. दुसरी अडचण मांडणीची. तयार नमुन्यांत वार वरती आडवे लिहिलेले असतात. कालनिर्णय वाचून मुरलेल्या घराला वार डावीकडे उभे आणि तारखा वरून खाली हव्या असतात. एवढ्यासाठी सगळी चौकट उलटी करावी लागते आणि ३०-३१ तारखा पहिल्या स्तंभातल्या रिकाम्या घरांत नेऊन बसवाव्या लागतात. सोमवारी आठवडा सुरू करणारे नमुने तर आपल्याकडे उपरेच वाटतात.

तिथ्या बहुतेक जण छापील पंचांगावरून उतरवून घेत आणि अजूनही घेतात. तो मार्ग शहाणपणाचा आहे. ज्यांना स्वतःच काढायच्या असतात त्यांच्यासाठी १९९७ मध्ये झुरिकहून स्विस एफेमेरिस आले आणि बरीचशी पंचांगाची सॉफ्टवेअरे त्यावर चालतात. त्यांत गाव पुणे निवडायला विसरू नये. महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा, निवडावा, नाहीतर उत्तरेच्या पौर्णिमान्त रीतीने श्रावण वद्य अष्टमी भाद्रपदात जाऊन बसते. तिसरा रकाना अयनांशाचा, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा त्याचा, आणि केरूनाना दबा धरून बसले आहेत ते इथे.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांतले अंतर. त्यामुळे राशिचक्राचा आरंभ कुठूनही धरा, वजाबाकीत तो उडून जातो आणि तिथी बदलत नाही. पण संक्रांती सरकतात, आणि अधिक महिना संक्रांतीवरून ठरतो. चार अंश म्हणजे सूर्याचे साधारण चार दिवस, आणि तेवढ्याने एखाद्या वर्षी अधिक महिना दुसरीकडे पडतो. २०२३ मध्ये बाकीच्यांनी १८ जुलैपासून अधिक श्रावण पाळला. टिळक पंचांग मानणाऱ्यांचा तो नेहमीचा श्रावण होता. त्यांचे गणपती २० ऑगस्टला बसले, बाकीच्यांचे १९ सप्टेंबरला.

खरे घरगुती कॅलेंडर लागते ते अशाच घराला. वाड्यातल्या शेजाऱ्यांचे कालनिर्णय त्याच्या उपयोगी पडत नाही, आणि टिळक पंचांगाची पुस्तिका भिंतीला टांगता येत नाही. संगणकावर मात्र अयनांशाचा एक रकाना बदलला की पुरते. चौकटीतल्या तिथ्या जिथल्या तिथे राहतात, वरच्या महिन्याचे नाव तेवढे बदलते, आणि मूर्ती महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते.