तीनचा खेळ



पुण्याच्या पेठांत वाढलेल्या आपल्या वयाच्या बाईला अप्पा बळवंत चौकातल्या ‘प्रभात’ थिएटरबद्दल विचारा. पिक्चरचं नाव ती नंतर सांगेल, आधी कोणाकोणाबरोबर गेली होती ते सांगेल.

प्रभात फिल्म कंपनी मूळची कोल्हापूरची. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ती १९२९ मध्ये काढली आणि १९३३ मध्ये पुण्याला आणली. इंदूरच्या सरदार किब्यांचं हे थिएटर १९३४ मध्ये प्रभातच्या नावाने सुरू झालं. पुढे ‘संत तुकाराम’ (१९३६) आला, ‘कुंकू’ (१९३७) आला. माझी आजी तेव्हा नवी सून. तुकाराम बघायला घरातून परवानगी मिळाली, संतांचा सिनेमा म्हणून. ‘कुंकू’ला मिळाली नाही. म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मान्य न करणारी मुलगी सुनांनी कशाला बघायची? आजीने तो कित्येक वर्षांनी दूरदर्शनवर पाहिला. संपल्यावर बराच वेळ कोणाशी बोलली नाही.

आईच्या पिढीला परवानगी लागत नव्हती, पण घड्याळ लागायचं. रात्रीचा खेळ पुरुषांचा. बायकांचा तीनचा. दुपारची भांडी आवरून आई, काकू, शेजारच्या दोघी आणि त्यांच्या मागे आम्ही मुली, चालतच निघायचो. मध्यंतरात बाहेरचा बटाटेवडा आपल्याला चालायचा नाही, म्हणून पिशवीत घरचा चिवडा, भाजलेल्या शेंगा आणि गाळलेल्या पाण्याची बाटली. उन्हाळ्यात सूर्य सातला मावळतो, त्यामुळे सहाला सुटून घरी जेवायला वेळ मिळे. पौषात पंचाईत. मग काकू त्या दिवशी चक्क एकाशन करायच्या. सिनेमासाठी एकाशन! त्याचं पुण्य कोणत्या खात्यात जमा झालं असेल, कोण जाणे.

१९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आला. मी तेव्हा विशीत होते आणि मला तो सिनेमा फारसा आवडला नव्हता, आजही आवडत नाही. एवढा सोसणारा जीव कशाला दाखवायचा, असं वाटायचं. पण सिनेमा महिनोन् महिने चालला. चातुर्मासात सिनेमा न बघण्याचा नियम घेतलेल्या बायकांचंही काही चुकलं नाही, नियम सुटला तरी सिनेमा तिथेच होता! अंधारात सगळं थिएटर रडत होतं. आमच्या शेजारच्या एक ताई, ज्यांना घरात कधी कोणी रडताना पाहिलं नव्हतं, त्या पदर तोंडाशी धरून हमसून रडल्या. परतताना कोणी त्यांना काही विचारलं नाही. काकूंनी फक्त त्यांच्या हातातली पिशवी घेतली. सिनेमाविषयीचं माझं मत तेच राहिलं, पण त्या दिवसानंतर मी ते बायकांसमोर बोलून दाखवलं नाही.

२०१४ च्या अखेरीला करार संपला, थिएटर किब्यांकडे परत गेलं आणि ऐंशी वर्षांनी प्रभातचं नाव उतरलं.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. मॉलमध्ये सिनेमाला नेते म्हटलं, की त्या आधी विचारतात, “तीनचा आहे का?” आणि लगेच दुसरा प्रश्न, “आणखी कोण कोण येतंय?”