मे वॉट्सची वाट

माझी लेक ज्या शाळेत शिकली तिचं नाव 'मे वॉट्स एलिमेंटरी'. नेपरव्हिलला राहायला आलो तेव्हा वाटलं, असेल कुणी शाळेला जमीन-बिमीन देणारी देणगीदार बाई. सहा वर्षं डबे भरून दिले, गॅदरिंगांना टाळ्या वाजवल्या, पण ही मे वॉट्स कोण, ते काही विचारलं नाही. कळलं ते सायकलमुळे.

झालं असं की लेक बारा वर्षांची झाली आणि तिला इलिनॉय प्रेअरी पाथवर एकटीनं जायचं होतं. पाथ आमच्या उत्तरेला, फार लांब नाही. पण मधे मोठाले रस्ते आणि शिकागो-अरोराचे रेल्वेचे रूळ. त्यामुळे इथले लोक काय करतात, तर सायकल गाडीला टांगतात आणि पाथपर्यंत गाडीनं जातात. सायकल चालवायला गाडी! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, तू सातवीत एकटी क्लासला जायचीस की, तेही भर गर्दीतून!"

खरं तर आमची गल्ली इतकी शांत, की दुपारी मांजरसुद्धा फिरकत नाही. पण ती कुठे जातच नाही! कल-द-सॅक, म्हणजे आपला बंद बोळ. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननं घरकर्जांना हमी द्यायला सुरुवात केली, आणि बिल्डरांना सल्ला दिला की रस्ते वळणाचे ठेवा, बोळ बंद ठेवा, परकी वाहतूक आत येऊ देऊ नका. हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा, की शांत रस्ते कुठेच पोचत नाहीत आणि पोचणारे रस्ते शांत नाहीत.

नकाशा बाजूला ठेवला आणि तीन रविवार मीच सायकल घेऊन हुंदडले. दोन घरांच्या मधून तळ्याकडे जाणारी काँक्रीटची पट्टी, बागेतली पायवाट, शाळेच्या मैदानामागची वाट... असे तुकडे जोडत गेले. रूळ ओलांडायचा तुकडा मात्र मोठ्या रस्त्यावरच येतो. तिथे साइडवॉकवरून, सायकल हातात धरून चालायचं, असं ठरलं.

पाथवर पोचल्यावर प्रश्न पडला, एवढी सलग जागा शिल्लक राहिली तरी कशी? मग वाचायला घेतलं.

ही शिकागो अरोरा अँड एल्गिन रेल्वेची जागा. १९०२ मध्ये सुरू झालेली विजेची गाडी, वीज बाजूच्या तिसऱ्या रुळातून घ्यायची. व्हीटन, ग्लेन एलिन, लोम्बार्ड, व्हिला पार्क, एल्महर्स्टची माणसं तिनं रोज शहरात नेली-आणली. मग काँग्रेस एक्सप्रेसवेचं बांधकाम आलं आणि १९५३ पासून गाडी फॉरेस्ट पार्कलाच थांबायला लागली. पुढे गाडी बदला. लोकांनी ती बदलली नाही, सरळ मोटारी घेतल्या. ३ जुलै १९५७ ला कोर्टाची परवानगी मिळाल्याबरोबर भर दुपारी कंपनीनं प्रवासी सेवा बंद केली. सकाळी नेहमीच्या गाडीनं कामाला गेलेली माणसं संध्याकाळी परत निघाली, तर गाडीच नाही! मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग त्या माणसांच्या जागी मी स्वतःला पाहिलं. मोबाईल नाही, घरी मुलं... १९५९ मध्ये मालगाड्याही थांबल्या.

आणि इथे आल्या आमच्या मे वॉट्सबाई! लाईलच्या मॉर्टन आर्बोरेटममधल्या निसर्गतज्ज्ञ, राहायच्या नेपरव्हिललाच. ३० सप्टेंबर १९६३ ला 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये त्यांचं पत्र छापून आलं. वय सत्तर. इंग्लंडमधल्या पायवाटा त्यांनी पाहिल्या होत्या. म्हणणं साधं होतं: ही पडीक जागा लोकांना चालायला द्या, आणि लवकर द्या, बुलडोझर टपलेले आहेत. नुसतं पत्र लिहून थांबल्या नाहीत. मंडळी जमवली, १९६५ मध्ये संस्था नोंदवली, १९६६ मध्ये ड्यूपेज काउंटीकडून जागा भाडेपट्ट्यानं मिळवली. रेल्वेच्या जागेवर केलेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या काही वाटांपैकी ही एक. १९७१ मध्ये तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. बाई १९७५ मध्ये गेल्या. आज पाथ साधारण साठ मैलांचा आहे.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी शनिवारी जाऊ ना?"

गेली. मी भाजी निवडत बसले, खरं म्हणजे फोनकडे बघत. पाऊण तासानं फोटो आला. चुनखडीच्या बारीक खडीची वाट, सायकलचं पुढचं चाक, आणि कडेला कसलंसं जांभळं फूल. खाली विचारलं होतं, "आई, हे काय आहे?" मलाही माहीत नव्हतं.