दमणीपासून उंच गाडीपर्यंत : कंबरेच्या बाजूने पाहिलेला छोट्या गाडीचा इतिहास



मागच्या दिवाळीनंतर आमच्या घरात जुनी का होईना, पण छोटी गाडी घ्यायचं ठरलं. कारण होत्या आमच्या सासूबाई. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. नणंद शिरपूरला दिलेली. सोनगीरहून शिरपूर तीसेक किलोमीटर, सरळ मुंबई-आग्रा रस्त्यावर. 2022 सालापासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि 2023 च्या मार्चपासून आपल्याला अर्धं तिकीट. म्हणजे आमची अडचण तिकिटाची नव्हतीच, कंबरेची होती. पायऱ्या चढणं आणि तासभर ताठ बसणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. दोन वर्षं त्या लेकीच्या घरी गेल्या नव्हत्या.

गाडीचा विषय निघाला आणि घरातल्या पुरुषांनी प्रश्न विचारले. किंमत किती? अ‍ॅव्हरेज किती? विकताना किती येतील? प्रश्न चुकीचे नव्हते, पैसा मोजूनच होता. पण ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची, त्यांना तिच्यात बसता-उठता येईल का, हे कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही विचारलं नाही. हा प्रश्न आपल्याला सुचत का नाही, याचा शोध घेत गेले, तेव्हा लक्षात आलं की यालाही एक इतिहास आहे. तोच आज सांगते.

आपलं सोनगीर किल्ल्याच्या पायथ्याशी आणि मोठ्या रस्त्याच्या काठाशी वसलेलं. 1900 साली चाळीसगावहून धुळ्यापर्यंत रेल्वे आली. तापीच्या खोऱ्यातली रेल्वे नरडाण्यावरून गेली. मधलं सोनगीर मात्र रस्त्याच्याच भरवशावर राहिलं. आपल्या तांबटांचे हंडे, घागरी, परातीसुद्धा याच रस्त्याने बाजाराला गेल्या.

त्या काळी बायकांचा प्रवास बैलगाडीचा, आणि घर बऱ्यापैकी असलं तर दमणीचा. चाकाला लोखंडी धाव, रस्ता खडीचा. पण जुन्या बायकांनी एक शहाणपण सांभाळलं होतं. गाडीत आधी कडबा किंवा पेंढा जाड अंथरायचा, त्यावर दोन गोधड्या घालायच्या. बाळंतीण किंवा म्हातारी असेल, तर तिच्या कमरेमागे घडी केलेलं लुगडं ठेवायचं. बैल हळू चालत, त्यामुळे हादरेही हळू लागत. कंबर दुखली की पाय पसरता येत, कुशीवर होता येई. हे कोणी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण पुढे शास्त्रज्ञांनी जे सांगितलं त्याच्या फार जवळ होतं.

1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे एसटी गावोगावी पोचली आणि आपल्या बायकांना तिने शाळा, दवाखाना, बाजार दाखवला. तिचे उपकार फार मोठे आहेत. पण बस म्हटली की सगळ्यांना एकच बाक. उंच माणसाला तोच, ठेंगण्या बाईलाही तोच. मागच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही मागे बसलं की हादरा जास्त लागतो, हे ज्ञान तेव्हापासूनचं. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आपण मधली जागा देतो.

आता मोटारीकडे येऊ. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1950 च्या दशकात इटलीची फियाट 1100 तयार होऊ लागली. पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली. पुढे सोफ्यासारखी एकसंध बैठक आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. कितीतरी मराठी घरांची ती पहिली गाडी होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, मग गाडी दारात यायची. इतकी वाट पाहून मिळालेल्या गाडीला 'बैठक कशी आहे' असं कोण विचारणार? मिळाली हेच पुष्कळ. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात कायमची गेली, तेव्हा पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तिने मध्यमवर्गाला गाडीत बसवलं. पण ती बुटकी होती, उंची जेमतेम 1.4 मीटर. आत शिरायचं म्हणजे वाकायचं आणि खाली जायचं. तिशीतल्या माणसाला त्याचं काही वाटत नव्हतं. तेव्हा गाडी घेणारा बहुधा तिशी-चाळिशीतला पुरुष, आणि बाई मागच्या सीटवर, मांडीवर मूल घेऊन.

त्याच काळात जगात दुसरीकडे काय चाललं होतं? स्वीडनमधले अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीवर किती दाब येतो, हे सुई घालून प्रत्यक्ष मोजलं. आपल्याला वाटतं, उभं राहिलं की कंबरेवर भार आणि बसलं की आराम. त्यांच्या मोजणीत उलटं दिसलं. आधाराशिवाय बसल्यावर चकतीवरचा दाब उभं असतानापेक्षा साधारण 40 टक्के जास्त होता. पुढच्या काळातल्या मोजण्यांत हा फरक इतका मोठा आला नाही. पण कुबड काढून बसलं की दाब वाढतो, आणि पाठ थोडी मागे टेकवून कमरेच्या पोकळीला आधार दिला की तो कमी होतो, ही गोष्ट टिकून राहिली. म्हणजे दमणीतलं ते घडी केलेलं लुगडं बरोबरच होतं.

1975 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. कामाचा निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ गाडी चालवण्यात घालवणाऱ्या पुरुषांमध्ये कमरेची चकती सरकण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. एकाच जागी बसून राहणं हे एक कारण, हादरे हे दुसरं. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार-पाच वेळा होणाऱ्या कंपनाला सर्वांत जास्त साथ देतो, आणि खराब रस्त्यावर गाडी नेमकी त्याच सुमाराला हलते.

आता बायकांसाठी महत्त्वाची गोष्ट. गाडीची सीट आखताना माणसाच्या आकाराचा एक साचा वापरतात. नितंबाचा सांधा कुठे येईल, हे त्यावरून ठरतं. 1960 च्या दशकात रूढ झालेला हा साचा सरासरी पुरुषाच्या बांध्याचा. अपघाताच्या चाचणीत वापरतात ते पुतळेही बहुतेक पुरुषाच्याच मापाचे. सरासरी स्त्रीच्या शरीराचा, मागून धडक बसल्यावर काय होतं ते पाहण्यासाठीचा पुतळा स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने पुढे आणला, तो 2022 साली! म्हणून सीटचा फुगवटा तुमच्या कमरेऐवजी पाठीत टोचत असेल, तर दोष तुमच्या पाठीचा नाही. ती सीट तुमच्या मापाची शिवलेलीच नाही.

मग उंच गाड्या कशा आल्या? कोणाला कंबरेची दया आली म्हणून नव्हे. जपानमध्ये छोट्या गाडीला करात सवलत असते, पण लांबी-रुंदीची मर्यादा कडक. बाजूला वाढायला जागा नाही, म्हणून गाडी वर वाढली. 1993 साली सुझुकीने तिथे वॅगन आर काढली. आपल्याकडे 1998 मध्ये उंच बांध्याची सँट्रो आली. त्याच वर्षाअखेरीस टाटांची, पुण्यात घडलेली इंडिका आली. वर्षभरात वॅगन आरही आली. लोक आधी हसले, डब्बा म्हणाले. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी एकदा बसून पाहिलं आणि त्यांना फरक कळला. या गाडीत खाली उतरावं लागत नाही, खुर्चीवर टेकावं तसं टेकता येतं. 2009 साली आलेली नॅनोसुद्धा उंचच होती, 1.6 मीटरच्या वर. तिच्याबद्दल सगळा देश 'एक लाख, एक लाख' एवढंच बोलला. तिच्या उंच बैठकीबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. मग आपल्याकडेही आखूड पण उंच गाड्या वाढल्या. जपानमध्ये जे झालं तेच इथे झालं. करासाठी केलेली गोष्ट कंबरेच्या कामी आली. 2014 साली सेलेरिओबरोबर स्वस्त गाडीत क्लचशिवाय चालणारा गिअर आला. तो आला गर्दीतल्या चालकांसाठी, पण डाव्या पायाने सारखा क्लच दाबून ज्यांची कंबर भरून येते, त्यांची सुटका झाली.

हे सगळं समजून घेतल्यावर मी घरात म्हटलं, "आधी आईंना बसवून बघू, मग किमतीचं बोलू." आम्ही धुळ्यात तीन गाड्या पाहिल्या. पहिली सर्वांत स्वस्त, पण बुटकी. सासूबाई आत बसल्या. उठायच्या वेळी दाराला धरून म्हणाल्या, "माय वं, मनी कंबर!" आणि दोघांनी हात दिल्याशिवाय बाहेर येता आलं नाही. दुसरी उंच होती, पण तिच्या सीटचा फोम इतका दबलेला की बसल्यावर गुडघे वर आले. तिसरीही उंचच, पाच वर्षं वापरलेली. तिच्यात त्या आधी टेकल्या, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले, आणि उतरताना स्वतःच्या हाताने दार उघडून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. ती गाडी पहिलीपेक्षा चाळीस हजारांनी महाग. ओट्यावर पत्रे टाकायला ठेवलेले पैसे त्यात गेले. ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग हो म्हटलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात गाडी घ्यायची असेल आणि कोणाची कंबर दुखत असेल, तर एवढं करा. ज्याची कंबर दुखते त्याला बरोबर न्या. तो बसेल तीच सीट तपासा, चालकाची सीट पाहून ठरवू नका. सीट उभं असताना मांडीच्या वरच्या भागाला टेकेल इतकी उंच हवी. बसल्यावर नितंब गुडघ्यांच्या बरोबरीने किंवा किंचित वर यावेत. पाठ पूर्ण टेकली पाहिजे आणि सीटची कड गुडघ्यामागे रुतता कामा नये. पाठीचा टेका काटकोनापेक्षा थोडाच मागे असावा, झोपल्यासारखा नको. वीस मिनिटं बसून राहा, कारण पाच मिनिटांत सगळ्याच सीट छान वाटतात. चक्कर मारायची ती हायवेवर नको, आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावरून मारा. गाडी जुनी असेल तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर मेकॅनिकला दाखवा. टायरमध्ये कंपनीने सांगितली तेवढीच हवा ठेवा. जास्त हवा म्हणजे जास्त हादरा.

आणि गाडी आधीच दारात उभी असेल, तीही बुटकी, तर निराश होऊ नका. लहान टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या पोकळीत ठेवा. दबलेल्या सीटवर घट्ट उशी टाका, मऊ नको. शक्यतो पुढच्या सीटवर बसा. तास व्हायच्या आत एकदा उतरा, चार पावलं चाला. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा जात असेल तर गाडीचा विचार बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा.

आमच्या गाडीने सासूबाईंची कंबर बरी झाली नाही. ती रोज दुखतेच. पण संक्रांतीला त्या शिरपूरला गेल्या. नरडाण्याच्या पुढे थांबून थोडं चालल्या, चहा घेतला. लेकीच्या दारात गाडी थांबली, तेव्हा नणंद हात द्यायला धावत आली. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, मी उतरते." कमरेमागची गुंडाळी काढून त्यांनी सीटवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "ही हलवू नको हं, परतीला लागेल."